रस्त्याचं टेंडर निघालं, वर्क ऑर्डरही झाली. जमीन मात्र आमच्या सातबाऱ्यावर आहे

बांधावरची
नमस्कार. प्रश्न मोठा आहे, म्हणून सगळं नीट सांगते.

वडील गेल्यावर आमच्या गटाच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, मी, धाकटी बहीण आणि भाऊ अशी चार नावं लागली. वाटप झालेलं नाही. शेताच्या पश्चिमेच्या बाजूने पूर्वीपासून एक वाट जाते. बैलगाडी कशीबशी जायची, आता ट्रॅक्टर जातो. पुढच्या वस्तीवर पंधरावीस घरं आहेत. त्यांना रस्ता हवा आहे आणि तो व्हावा असं मलाही मनापासून वाटतं. हे आधीच सांगते, कारण गावात आमच्याबद्दल 'रस्ता अडवणारे' असं बोललं जातंय आणि आईला त्याचा फार त्रास होतोय.

तीन आठवड्यांपूर्वी जेसीबी आला. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेषा मारल्या. रस्ता सहा मीटर रुंद होणार म्हणे. आमच्या हद्दीतली त्याची लांबी साधारण १८० मीटर आहे. त्यात चार कलमी आंबे आणि विहिरीवरून येणारी पाइपलाइन जाते. आम्ही विचारलं तेव्हा ठेकेदाराने वर्क ऑर्डर दाखवली. ग्रामपंचायतीत गेलो तर तिथे भावाच्या सहीचं संमतीपत्र निघालं, शंभराच्या स्टँपवर. 'रस्त्यासाठी लागणारी जागा विनामोबदला देत आहे, माझी हरकत नाही', एवढंच. गट क्रमांक आहे, पण लांबी, रुंदी, क्षेत्र काही नाही. भाऊ म्हणतो, 'आहे तीच वाट खडी टाकून नीट करणार असं सांगितलं होतं, म्हणून सही केली.'

मला तीन गोष्टी कळत नाहीत. टेंडर मंजूर झालं म्हणजे जमीन सरकारची झाली का? भावाची सही आम्हा तिघींना लागू होते का? आणि आता कोर्टात गेलो तर काम थांबेल की आमचंच हसं होईल?

साखळीवाले काका
ताई, मी भूमी अभिलेखात भूकरमापक होतो. कोर्टाचं नंतर बघू. आधी ही वाट कागदावर काय आहे ते बघा. बरेचसे वाद इथेच मिटतात, नाहीतर इथेच पक्के होतात.

गावनकाशाची प्रत काढा. तुमच्या गटातून जाणारी वाट एकेरी तुटक रेषेने दाखवली असेल तर तो पायमार्ग. दुबार रेषा असतील तर गाडीमार्ग. आमच्या खात्याची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. पायमार्ग चार आणे, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीमार्ग आठ आण्यांपासून पुढे, म्हणजे साडेसोळा ते एकवीस फूट. नकाशावर पायमार्ग असताना सहा मीटरचा रस्ता आखला असेल, तर वरची सगळी रुंदी तुमच्या वहिवाटीच्या क्षेत्रातून जाते.

दुसरं, सातबाऱ्यावर पोटखराबा बघा. त्याचे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन: खडक, खाण, शेतातली इमारत असं. 'ब' म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक वापराखाली गेलेली, आकार न लावलेली जमीन. 'ब' मध्ये काही आर दाखवले असतील, तर तेवढ्यापुरता लोकांचा हक्क जुना आहे आणि तो तुम्हाला नाकारता येणार नाही. तिथे शून्य असेल तर तुमची बाजू बळकट होते.

तिसरं म्हणजे एकत्रीकरण. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा अनेक गावांत जुन्या वाटा गटस्कीमच्या नकाशावर यायच्या राहिल्या. म्हणून फक्त गटाच्या नकाशावर विसंबू नका. जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण आणि फाळणी, म्हणजे जुन्या मोजणीचे नकाशे, हेही काढा.

पाणंद
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. राग मानू नका.

आमच्या वस्तीला असाच रस्ता नाही. पावसाळ्यात बाळंतीण बाई बाजेवर घालून दीड किलोमीटर आणावी लागते. शाळेची पोरं चिखलातून गुडघ्यापर्यंत भरून येतात. दरवेळी रस्ता मंजूर होतो आणि दरवेळी कोणीतरी एक जण हरकत घेतो. पैसे परत जातात. त्या सहा-सात गुंठ्यांसाठी पूर्ण वस्ती अडते. कायदा तुमच्या बाजूने असेलही, पण आमच्या बाजूने कोण आहे?

बांधावरची
पाणंद दादा, तुमचं म्हणणं मला पटतं. आमच्या पुढच्या वस्तीचीही हीच परिस्थिती आहे. मला रस्ता थांबवायचा नाहीये. आमची जमीन आम्हाला न विचारता, न मोजता, कागदावर न घेता जावी हे मला सहन होत नाही. आईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा जमीन लागली आहे.

सनद
वकिली करतो, त्यातही जमिनीचे दावे जास्त. ताईंच्या प्रश्नांच्या क्रमाने जातो.

टेंडर हा सरकार आणि ठेकेदार यांच्यातला करार आहे. त्यात जमीनमालक पक्षकारच नसतो. त्यामुळे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर) हे सगळं अगदी नियमानुसार झालं असलं, तरी त्यातून खासगी जमिनीवर कणभरही हक्क निर्माण होत नाही. हे इतकं साधं आहे, पण वर्क ऑर्डर हातात घेऊन आलेल्या माणसासमोर शेतकरी गप्प बसतो, कारण त्यावर शिक्का असतो.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला, हे खरं. पण त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३००-अ आला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात याची फोड करून सांगितली. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकलं जाणं, कारणासहित निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, वेळेत कार्यवाही आणि शेवटी ती प्रक्रिया पूर्ण होऊन जमीन रीतसर सरकारकडे निहित होणं, हे सगळं त्या एका अनुच्छेदात येतं. तुमच्या बाबतीत यातलं पहिलंसुद्धा झालेलं नाही.

संमतीपत्राकडे येऊ. जमीन 'विनामोबदला देणं' म्हणजे बक्षीस. स्थावराचं बक्षीसपत्र मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित असावं लागतं. शंभराच्या स्टँपवरच्या बिननोंदणीच्या कागदाने मालकी जात नाही. शिवाय अविभक्त क्षेत्रातला एक सहहिस्सेदार फार तर आपल्या हिश्श्यापुरतं देऊ शकतो. तुमच्या, बहिणीच्या आणि आईच्या हिश्श्यावर त्याला काहीही लिहून देता येत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुली जन्मतःच सहदायाद, म्हणजे मुलाइतक्याच हिस्सेदार आहेत, आणि वडील कधी वारले याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी तुम्ही चौघेही वर्ग १ चे वारस आहात.

एक धोका मात्र सांगून ठेवतो, कारण लोक इथेच फसतात. संमतीपत्राने मालकी जात नसली तरी त्याचा अर्थ 'परवाना' असा लावता येतो. सुखाधिकार कायदा, १८८२, कलम ६०: परवान्यावर विसंबून समोरच्याने कायम स्वरूपाचं काम केलं आणि त्यावर खर्च केला, तर तो परवाना मागे घेता येत नाही. निदान भावाविरुद्ध हा मुद्दा नक्की उभा राहील. म्हणून काँक्रीट पडायच्या आधी भावाने आणि तुम्ही तिघींनी लेखी कळवलं पाहिजे की संमती होती ती असलेल्या वाटेपुरती, सहा मीटरला नाही. हे पत्र आज द्या. पोचपावती घ्या.

कोर्टाचं रात्री लिहितो.

मुरूमखडी
मी ठेकेदार आहे. छोटा, नोंदणीकृत. या धाग्यावर मला शिव्या पडतील असं वाटलं होतं, पण सनद साहेबांनी बरोबर मांडलंय.

आमचीही बाजू ऐका. बी-१ चा, म्हणजे निविदेचा फॉर्म भरताना त्यात लिहून द्यावं लागतं की जागेची पाहणी केली आहे. आपण पाहणी करतो म्हणजे काय करतो? मुरूम कुठून आणायचा, पाणी कुठे आहे, गाडी वळेल का, हे बघतो. सातबारा कोण बघतो? ते काम ज्याने टेंडर काढलं त्याचं आहे असं आपण धरून चालतो.

पाच वर्षांपूर्वी मी एका रस्त्याचं काम घेतलं. बयाणा भरला, सुरक्षा अनामत भरली, रोलर भाड्याने आणला, मजूर आणून बसवले. पहिल्या दीड किलोमीटरनंतर एका शेतकऱ्याने रस्त्यात खाट टाकली. त्याच्याजवळ सगळे कागद होते. चौदा महिने काम बंद. खडीचे भाव वाढले, रोलरचं भाडं चढत गेलं, आणि अंतिम बिल निघालं तेव्हा उशिराचा दंड कापलेला. बायकोचे दागिने गहाण ठेवून मजुरांचे पैसे भागवले. त्या शेतकऱ्यावर माझा राग नव्हता. तो खरा होता.

तेव्हापासून शिकलो ते इतर ठेकेदारांसाठी लिहितो. निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा: किती लांबी निर्वेध ताब्यात आहे? उत्तर आलं नाही तर तेही जपून ठेवा. काम अडलं त्याच दिवशी पत्र द्या आणि अडथळा नोंदवहीत तारीख टाकून घ्या. नुसती मुदतवाढ मागू नका. 'जागा न दिल्याने होणाऱ्या नुकसानीचा हक्क राखून मुदतवाढ मागतो' हे वाक्य घाला. माझ्या पत्रात ते नव्हतं, म्हणून मी हरलो.

सनद
मुरूमखडी, ते वाक्य का महत्त्वाचं आहे ते सांगतो. करार कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे, एकाचं काम दुसऱ्याने आधी काही केल्याशिवाय होऊच शकत नसेल आणि त्या दुसऱ्याने ते केलं नाही, तर नुकसानभरपाई त्याने द्यायची. जागा देणं हे खात्याचं आधीचं काम. पण कलम ५५ चा शेवटचा भाग म्हणतो की उशिरा झालेली पूर्तता तुम्ही स्वीकारली, तर भरपाई मागणार असल्याची सूचना स्वीकारतानाच द्यावी लागते. गप्प राहून मुदतवाढ घेतली की दार बंद होतं. तुमच्या करारात भरपाईच नाकारणारं कलम असेल तर तो वेगळा झगडा आहे.

गाव नमुना
थोडं विषयांतर. माझं घर गावठाणात आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला माझं नाव आहे. गटाराचं टेंडर निघालंय आणि पायरी तोडणार म्हणतात. नमुना ८ दाखवून थांबवता येईल का?

साखळीवाले काका
नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नाही. गावठाणाचा नगर भूमापन नकाशा झाला असेल तर मिळकत पत्रिका काढा. स्वामित्व योजनेत २०२० नंतर ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत. पायरी तुमच्या मिळकतीच्या रेषेच्या आत आहे की रस्त्यावर आहे, यावरच सगळं ठरेल. रस्त्यावर असेल तर ग्रामपंचायतीला ती काढता येते. खरं सांगायचं तर बहुतेक पायऱ्या रस्त्यावर असतात.

आखणी
जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता होतो, मागच्या वर्षी निवृत्त झालो. ताईंच्या गावात काय झालं असेल याचा मला अंदाज आहे, कारण माझ्या हातूनही हे झालंय आणि त्याची मला खंत आहे.

निधी येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मार्चअखेर खर्च पडला नाही तर परत जातो. अंदाजपत्रकाला जागा उपलब्धतेचा दाखला जोडावा लागतो. तो कोण देतं? सरपंच आणि ग्रामसेवक. 'सदर रस्त्याची जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असून कोणाचीही हरकत नाही.' छापील मजकूर असतो, फक्त रस्त्याचं नाव भरायचं. तलाठ्याला विचारत नाहीत, भूमी अभिलेखला तर नाहीच. सरपंच काही त्या जमिनीचा मालक नसतो, पण त्याच्या सहीने आमची फाइल पुढे सरकते. मीही त्या दाखल्यावर विसंबलो आहे, एकदा नाही, अनेकदा.

नियम चांगले आहेत. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की जागा मिळवून देणं राज्याची जबाबदारी आहे, योजनेतून भूसंपादनाला पैसा मिळणार नाही, आणि आराखडा पक्का करण्याआधी अभियंत्याने गावकऱ्यांना घेऊन आखणीवरून पायी फिरायचं आहे. ज्या रस्त्यांवर आम्ही खरोखर असे फिरलो तिथे हरकत आलीच नाही असं म्हणणार नाही, पण ती आधी आली. कुठे दोन मीटर सरकवलं, कुठे आंबा वाचवला, कुठे रुंदी कमी केली. कागदावर फिरलो तिथे जेसीबी आल्यावर भांडण झालं.

ताईंनी माहिती अधिकारात चार कागद मागावेत: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, अंदाजपत्रक नकाशासहित, जागा उपलब्धतेचा दाखला आणि कार्यारंभ आदेश. तीस दिवसांत मिळायला हवेत. पण त्याची वाट बघत बसू नका. उपविभागात जाऊन अभिलेख पाहणी मागा, हुशार माणूस एका दुपारीत मोबाइलवर फोटो काढून आणतो. दाखल्याची तारीख आणि भावाच्या संमतीपत्राची तारीख जुळवून बघा. दाखला आधीचा निघाला तर पुढचं सगळं सांगायची गरज नाही.

सनद
आता कोर्टाचं.

लोक सरळ दिवाणी न्यायालयात जाऊन मनाईहुकूम मागतात. २०१८ मध्ये विशिष्ट साहाय्य कायद्यात बदल झाला, त्यात कलम ४१ ला (एचए) हे पोटकलम जोडलं गेलं. पायाभूत सुविधेच्या प्रकल्पाला उशीर होणार असेल तर मनाईहुकूम देता येत नाही. अनुसूचीत रस्ते आणि पूल आहेत. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम वाचून दाखवेल. माझ्या मते, ज्याची जमीन संपादितच केली नाही त्याच्या विरोधात हे कलम वापरणं चुकीचं आहे. संसदेने प्रकल्पांना संरक्षण दिलं, अतिक्रमणाला नाही. पण हा वाद तुम्ही तुमच्या खर्चाने का लढावा? शिवाय सरकारला प्रतिवादी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर ८०(२) खाली परवानगी मागता येते, पण तोही एक अर्ज, एक सुनावणी.

अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट हा मार्ग अशा प्रकरणात जास्त सरळ आहे. वस्तुस्थितीवर वाद नसावा लागतो, म्हणून काकांनी सांगितलेले कागद आणि मोजणी आधी. आणि मागणी 'काम थांबवा' एवढीच ठेवू नका. 'कायद्याप्रमाणे संपादन करा, मोबदला द्या, तोपर्यंत आमच्या वाढीव क्षेत्रात येऊ नका' अशी मागा. न्यायालयांना रस्ता अडवणं आवडत नाही, आणि ते योग्यही आहे. पण फुकट जमीन घेणंही त्यांना आवडत नाही. हिमाचल प्रदेशात एका वृद्ध विधवेच्या जमिनीतून १९६७-६८ मध्ये रस्ता गेला. संपादन नाही, मोबदला नाही. सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की मालकाची तोंडी संमती होती, आणि एवढ्या वर्षांच्या ताब्याने जमीन आमचीच झाली. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. कल्याणकारी राज्याला आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल कब्जा सांगता येत नाही. त्याच राज्यातल्या १९७२-७३ च्या दुसऱ्या एका रस्त्याबाबत २०२२ मध्ये पुन्हा तेच. पन्नास वर्षांनी का होईना, मोबदला द्यायला लावला.

पाणंद दादांसाठी आणखी एक. रस्ता आणि मोबदला यात एक निवडायचं नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा आहे, आणि त्यापेक्षा लवकर होणारी थेट खरेदीही आहे. मालक तयार असेल तर वाटाघाटीने खरेदीखत होतं. अडतो तो मालक नाही, प्रस्ताव कोणी तयारच करत नाही.

पाणंद
हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे हरकत घेणाऱ्याला पंधरा वर्षं सगळे वाळीत टाकल्यासारखं वागवतात. त्याला पैसे देऊन जमीन घ्या असा ठराव ग्रामसभेत कधी मांडलाच गेला नाही. मीसुद्धा मांडला नाही.

एक शंका. तहसीलदार मामलेदार कोर्टाच्या कायद्याने रस्ता खुला करून देतात ना? मग एवढं कशाला?

साखळीवाले काका
१९०६ च्या त्या कायद्याचं कलम ५ आधीपासून वापरात असलेल्या वाटेला कोणी अडथळा केला तर आहे. तोही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाखल करायचा. नवा रस्ता बांधावरून हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, तो शेतात जाण्यापुरता. यातल्या कशानेही पायमार्गाचा सहा मीटर डांबरी रस्ता होत नाही. तहसीलदार अडचण दूर करतात, रुंदी वाढवत नाहीत.

माहेरवाशीण
मी वाचतेय फक्त, पण एक विचारावंसं वाटलं. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजेच मालकी ना? आमच्या बहिणींची नावं फेरफारात कमी केली आहेत, 'हक्क सोडला' असा जबाब लिहून. आमच्या सह्या कुठे घेतल्या ते आठवत नाही. उद्या आमच्या जमिनीतून रस्ता गेला तर मोबदला भावालाच जाणार का?

सनद
ताई, नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. ती महसूल वसुलीसाठी आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालय कित्येक वर्षं सांगतंय. जबाबावर हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. तसं काही तुम्ही दुय्यम निबंधकासमोर केलेलं नसेल, तर तुमचा हिस्सा शाबूत आहे. पण मोबदला वाटताना कार्यालय सातबाराच बघतं, म्हणून फेरफारावर प्रांतांकडे अपील करा आणि विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा. भाऊ ऐकणारा नसेल तर वाटपाचा दावा. यासाठी वेगळा धागा काढलात तर मी सविस्तर लिहीन. महत्त्वाचं आहे.

बांधावरची
पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

चौघांच्या सह्यांचं पत्र त्याच आठवड्यात दिलं: ग्रामपंचायत, उपविभाग आणि तहसील. भावाने सही करताना थोडे आढेवेढे घेतले, मग आईने त्याला जवळ बसवून सगळं समजावलं. तोच पत्र घेऊन गेला.

गावनकाशावर एकेरी तुटक रेषा निघाली. पोटखराबा 'ब' मध्ये काहीही नाही. द्रुतगती मोजणीची फी भरली. मोजणीच्या दिवशी लगतधारक, सरपंच, ठेकेदाराचा माणूस असे सगळे हजर होते. मशीनवर वाट भरली अडीच मीटर. म्हणजे काकांचे चार आणे बरोबर आले. उरलेले साडेतीन मीटर गुणिले १८० मीटर, सहा आर तीस चौरस मीटर, जवळपास सव्वासहा गुंठे आमच्या वहिवाटीतले. मोजणीच्या नकाशाची क प्रत मिळाली आहे.

अभिलेख पाहणीत जागेचा दाखला सापडला. भावाच्या संमतीपत्राच्या अडीच महिने आधीचा. आखणी काका, तुम्ही म्हणालात तसंच.

क प्रत आणि तो दाखला समोर ठेवल्यावर उपअभियंत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ठेकेदाराला पत्र गेलं की आमच्या भागातलं काम थांबवून दुसऱ्या टोकाकडून सुरू करा. तिकडे काम चालू आहे, वस्तीतली मंडळी खूश आहेत. आमच्या १८० मीटरसाठी दोन पर्याय दिले आहेत. एक, आखणी पूर्वेकडे न वाढवता रुंदी साडेचार मीटर करायची, म्हणजे आंबे वाचतात आणि आमचे साडेतीन गुंठ्यांच्या आसपास जातात. दोन, पूर्ण रुंदी थेट खरेदीने. आईला पहिला हवा आहे, आंब्यांसाठी. ते वडिलांनी लावलेले आहेत. साडेतीन गुंठ्यांचाही मोबदला खरेदीखत करूनच घ्यायचा, यावर आम्ही चौघे ठाम आहोत, आणि ग्रामसभेत तसा ठराव झाला. ठराव मांडणारे वस्तीवरचेच एक आजोबा होते.

पाइपलाइन दोन्ही पर्यायांत हलवावी लागते. तिचा खर्च वेगळा मागता येतो का?

साखळीवाले काका
छान केलंत. क प्रत मूळ कोणाला देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. कोणाला मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी मागेल. तेव्हा हद्दीच्या खुणा जागेवर असल्या पाहिजेत. दगड रोवून घ्या, चुन्यावर विसंबू नका.

आखणी
रुंदी कमी केली की अंदाजपत्रक बदलतं. सुधारित मान्यता लेखी घ्यायला लावा. नाहीतर बिल सहा मीटरचं निघेल आणि पुढच्या अभियंत्याला वाटेल की जागा सहा मीटरची ताब्यात आहे. मोजमाप पुस्तिकेत तुमच्या साखळी क्रमांकाला (रस्त्याच्या तुमच्या भागातल्या अंतराला) साडेचार मीटरच चढलं पाहिजे. मुरूमखडी, तुमच्यासारखा कोणी तिथे असेल तर त्यालाही हेच हवं असेल.

मुरूमखडी
हवंच. जे केलं तेवढंच बिल, म्हणजे पुढे चौकशी लागत नाही. आणि ताई, त्या ठेकेदाराला पाइपलाइन कुठून जाते ते जागेवर दाखवून खूण करून द्या. जेसीबीवाल्याला नकाशा दिसत नाही.

सनद
पाइपलाइनचा खर्च मागा. २०१३ च्या कायद्यात जमिनीला जोडलेल्या गोष्टींचं, झाडांचं मूल्य वेगळं ठरवण्याची तरतूद कलम २९ मध्ये आहे. थेट खरेदीतही तोच आधार धरून प्रस्ताव द्या. मूल्यांकनाचा हिशोबही समजून घ्या: बाजारमूल्य, ग्रामीण भागात त्यावर एक ते दोनच्या दरम्यान गुणक, आणि येणाऱ्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे बाजारमूल्याच्या दुप्पट ते चौपट. रेडी रेकनरचा दर सांगून कोणी तेवढ्यावर सही मागितली तर करू नका. पाइपची लांबी, व्यास, टाकल्याचं वर्ष आणि पावत्या असतील तर जोडा. खरेदीखतात चतुःसीमा आणि क प्रतीचा मोजणी रजिस्टर नंबर लिहून घ्या, आणि चौघांच्या सह्या चौघांनी स्वतः जाऊन करा. कुलमुखत्यारपत्र नको.

बांधावरची
पावत्या वडिलांच्या ट्रंकेत आहेत, आईने सगळं जपून ठेवलंय. सोमवारी पत्र देते. माहेरवाशीण ताई, तुमच्या धाग्याची मी वाट बघतेय. अपिलाचा अर्ज लिहायला मदत लागली तर मला सांगा, मी बसेन तुमच्यासोबत.